उघाडीचं वर्ष

माझ्या घरात कोळंबी येत नाही. सुनेला वाटतं मला पचत नाही. तसं मीच तिला सांगितलंय, आणि तिच्या सासूलाही जन्मभर तेच सांगत आलो. इजाबेलला कोळंबी फार आवडायची. बिचारी आईकडे जाऊन खाऊन यायची आणि तोंड धुऊन घरात शिरायची, मला वास लागू नये म्हणून. ती गेली त्याला आता आठ महिने झाले. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं हे काही माझं काम नव्हे. पण घरात संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसतात आणि मला ज्याच्याशी बोलायचं ते माणूस राहिलं नाही, म्हणून नातवाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हे लिहून ठेवतो. शुद्धलेखनाच्या चुका ज्याला काढायच्यात त्याने काढाव्यात. गोष्ट मात्र तशीच ठेवावी.

आमचं घर तेव्हा गोराईला, गावाच्या खालच्या टोकाला. भिंती मातीच्या, वर ताडाच्या झावळ्या. वारा सुटला की झावळ्या रात्रंदिवस खसखसायच्या, कुणीतरी वर बसून भात पाखडतंय असं वाटायचं. खाडीपलीकडे बोरिवली. तिकडे जायचं तर होडी, आणि होडीवाल्याचा मूड. सकाळी पेज, तोंडी लावायला भाजलेला सुका बोंबील. दुपारी तांदळाची भाकरी आणि चिंचेचं कालवण. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, झाल्यावर कधी डुकराच्या मटणाचं इंद्याल झालं तर सणच. माझी आय मे महिन्यात वर्षाचा मसाला कुटायची, मिरच्या-धणे भाजून, उखळीत. गल्लीतली सगळी माणसं शिंकत शिंकत जायची आणि तिला शिव्या द्यायची. मग तो मसाला काळ्या बाटल्यांत दाबून भरायचा. बाटली उघडली की घराला घरपण यायचं. गरिबी होती पण उपाशी कुणी झोपलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. उपासमार असती तर पुढचं सगळं मी स्वतःला माफ केलं असतं.

आमची शेतं खाडीला लागून. आता ज्यांनी खारजमीन बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूला खारी खाडी, दुसऱ्या बाजूला भात, आणि मधे माणसाने घातलेला मातीचा लांब बांध. आमच्या आज्या-पणज्यांनी घातलेला. त्या बांधात एकच दार, त्याला उघाडी म्हणायचं. दोन दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांतून एकावर एक सरकवलेल्या चार जाड फळ्या. ओहोटी लागली की फळ्या वर उचलायच्या, शेतातलं पावसाचं जादा पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आत फळ्या खाली. बस्स, एवढंच काम. पण पाणी जाताना त्याच्याबरोबर आतल्या तळ्यातले मासे आणि कोळंबी पण जाते, म्हणून उघाडीच्या तोंडाला पिशवीसारखं जाळं बांधायचं. जे पडेल ते उघाडीवाल्याचं. गावात चौदा घरं शेतकरी, दरवर्षी एका घराची पाळी. त्याला मान म्हणायचे. चौदा वर्षांतून एकदा मान. आणि नियम एकच, तो लहान पोरालाही पाठ असायचा: पेरणीपासून आगेऱ्यापर्यंत खाडीचा एक थेंब आत घ्यायचा नाही. आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण. पहिल्या लोंब्या कापून वाजतगाजत देवळात न्यायच्या, पाद्री त्यावर आशीर्वाद देतो, आणि मग घरोघर चार चार लोंब्या दाराला लागतात. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो.

त्या वर्षी मान आमच्या घरी आला. मी वीस वर्षांचा होतो आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, कारण इजाबेल. तिचा बाप लोरेसकाका. त्याचं शेत सगळ्यात खोलगट, आतल्या तळ्याला लागून. उंच, ओणवा चालणारा माणूस, तोंडाने सतत चालू. मी चोरून बघतो हे त्याच्या ध्यानात आलं होतं. एकदा होडीत सगळ्यांसमोर म्हणाला, "जुजे, डोळे जपून वापर रे, झिजतील." सगळी होडी हसली. मग माझ्या बापाशी तो सरळ बोलला. "पास्कू, पोरगा चांगला हाय. पण माझी पोरगी झावळ्यांखाली द्यायची नाय. दोन पावसाळे तिच्या आयशीने भांडी मांडली गळक्या घरात, मी बघितलंय. कौलं घाल. ज्या दिवशी कौलं चढतील त्या दिवशी सुपारी." माझा बाप घरी आल्यावर वर झावळ्यांकडे बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. पण कुणी त्याच्या घरात खोट काढली की ती त्याच्या पोटात जाऊन बसायची आणि वाढायची.

आमच्या गावात मिंगेल मास्तर होते. शाळेतून निवृत्त झालेले, एकटेच. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कुण्या बोटीवरच्या खलाशाने दिलेलं, पुठ्ठा फाटलेला, पहिली पानं वाळवीने खाल्लेली. आत सगळ्या अमेरिकेच्या गोष्टी. संध्याकाळची रोझरीची प्रार्थना सुटली की देवळाच्या पायरीवर बसून मास्तर त्यातली एकेक गोष्ट मराठीत सांगायचे. तिथली नावं आम्हाला लागायची नाहीत, म्हणून मास्तर सगळ्यांना आंतोन आणि फ्रान्सू करून टाकायचे. त्या गोष्टी जवळपास सगळ्या पैशाच्या. कुणाला घबाड सापडतं, कुणी म्हाताऱ्या चुलतीच्या मरणाची वाट बघतो, कुणी भावाला फसवतो. एक मला अजून आठवते. एक माणूस नदीकाठची जमीन विकत घेत घेत शेवटी नदीच आपल्या नावावर करतो आणि शेजाऱ्यांचं पाणी तोडतो. शेजारी एकेक करून गाव सोडतात. मग एका उन्हाळ्यात त्याच्या घराला आग लागते. नदी दारात, पण बादली धरायला माणूस नाही. मास्तर इथे थांबायचे आणि पुस्तक मिटायचे.

माझा बाप म्हणाला, "येडाच तो. चार गडी ठेवायचे ना पगारी."

लोरेसकाका हसला. "पास्कू, तू तिकडे असतास तर गोष्टच झाली नसती."

"का नाय झाली असती? झाली असती की. शेवटी माझं घर उभं असतं, एवढाच फरक."

सगळे हसले. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "पास्कू, ह्या गोष्टींत सगळ्यांना असंच वाटतं. की फरक एवढासाच आहे."

गोपाळकाला झाल्यावर पाऊस ओसरला. एके दिवशी बोरिवलीहून नानू दलाल आला, लाकडी पेटीत भुसा आणि भुशात बर्फ घेऊन. जाड मिशांचा, गोड बोलणारा माणूस. मुंबईच्या हॉटेलांना मोठी कोळंबी लागते म्हणाला, बोटाएवढी नको, हाताच्या पंजाएवढी. आमच्या जाळ्यात पडलेली त्याने उचलून बघितली आणि परत टाकली. "ही तळ्यातली. हिला कोण विचारतो? खाडीची आण, पास्कूशेठ." माझ्या बापाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी शेठ म्हटलं. ते मी त्याच्या मानेवर बघितलं. मान जराशी ताठ झाली.

पुढच्या उधाणाला बापाने वरची फळी चार बोटं उचलली. अमावस-पुनवेला आमच्याकडे भरती भर दुपारी भरते. बारा-साडेबाराला, ऊन डोक्यावर, माणसं जेवून आडवी झालेली, कुत्रीसुद्धा सावलीला. बांधावर आम्ही दोघंच. फळीखालून पाणी आत यायला लागलं, जाड, हिरवट, फेस नसलेलं. आवाज अगदी हलका. आत घ्यायचं, भरती भरली की फळी टाकायची, आणि ओहोटीला तेच पाणी जाळ्यातून बाहेर सोडायचं. त्याच्याबरोबर जे आत आलेलं असतं ते जाळ्यात. साधं होतं. त्या दिवशी जाळं दोघांना उचलवेना. पंजाएवढी कोळंबी, मिशा एकमेकींत अडकलेल्या, कुरकुर आवाज करणारी. बाप म्हणाला, "चार बोटं पाणी, जुजे. रात्री सर पडेल, धुऊन जाईल." आणि रात्री खरंच सर पडली. ती पडली नसती तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. पहिल्याच वेळेला आम्ही घाबरलो असतो.

मग दर उधाणाला. चार बोटांची वीत झाली, वितेची आख्खी फळी. नानूची होडी ठरल्या वेळेला यायला लागली. आमच्या घरामागे मंगळुरी कौलं येऊन पडली, लाल, एकावर एक रचलेली. मी रोज सकाळी त्यांना हात लावून बघायचो. थंडगार असायची. बापाला कौलं पुरेनात. आधी म्हणाला कौलं, मग म्हणाला भिंतीही पक्क्या, मग म्हणाला लोरेसच्या पोरीला सोन्याची कर्णफुलं घालू, बघू दे गावाला. रात्री झोपेत त्याचे ओठ हलायचे. आयने पहिल्या दोन वेळा कोळंबीचं कालवण केलं. तिसऱ्या वेळेला टोपली तशीच उंबऱ्याबाहेर ठेवली.

"का गं, चुलीला ताप आला?" बाप म्हणाला.

"घरात नको ती," आय म्हणाली. "आगेऱ्याला काय नेणार देवळात? लोंब्या की मिशा?"

"तू भाकऱ्या थाप."

"थापते. पीठ आहे तोवर थापते."

एवढंच. पण तिने त्या दिवसापासून बापाला वाढताना त्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं.

सप्टेंबरात पाऊस गेला तो गेलाच. भात पोटरीला आलं होतं, हिरवंगार, वाऱ्यात एकसारखं वाकायचं. लांबून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटलं असतं. पण लोरेसकाकाच्या शेतात बेडूक ओरडायचे बंद झाले. ही गोष्ट मला इजाबेलने सांगितली, विहिरीवर. "जुजे, आमच्याकडे रात्री काही ऐकूच येत नाही. आई म्हणते घर सोडून गेल्यासारखं वाटतं." मग पाण्यातले बारके गोडे मासे पोट वर करून तरंगले. भाताच्या बुंध्याला पांढरी रेघ दिसायला लागली, भांड्याला दूध लागून सुकतं तशी. लोरेसकाकाने बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकला, आणि सरळ बांधाकडे चालत गेला. त्याने ठरवलं: खेकडे. बांधाला खेकड्यांनी बिळं पाडलीत आणि भरतीचं पाणी त्यातून पाझरतंय. आमच्याकडे पाणी खारं झालं की माणूस पहिला खेकड्यालाच धरतो. शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी खेकडा. अशी आमची रीत होती, आणि चांगली रीत होती ती.

त्याने मला हाक मारली. "जावई, फावडं घेऊन ये. हात मऊ पडायच्या आत जरा काम कर."

गेलो. काय करणार होतो? चार दिवस मी त्याच्याबरोबर बांधावर उन्हात उभा राहिलो. बीळ दिसलं की आधी ते खणून मोकळं करायचं, खेकडा हाताने ओढून काढायचा, मग चिखल आणि पेंढा कालवून आत ठासायचा. लोरेसकाका प्रत्येक खेकड्याशी बोलायचा. "ये बाहेर, ये. भाडं न देता राहतोस? बायको-पोरं आणलीस वाटतं." मी हसायचो. माझं हसणं मलाच ऐकू यायचं. उघाडी तिथून वीस-तीस पावलांवर. खाचांजवळचं शेवाळ ताजं खरवडलेलं होतं, फळी रोज वरखाली होत असल्यासारखं. तो एकदाच मान वळवून बघता तर सगळं कळलं असतं. त्याने बघितलं नाही. आम्ही मानकरी होतो ना.

तिसऱ्या दिवशी इजाबेल पेज घेऊन आली. लोरेसकाकाला वाढली, मग मला. लोरेसकाका वाडगा घेऊन सावलीला गेला. ती माझ्या पायाशी पडलेल्या खेकड्यांच्या ढिगाकडे बघत राहिली.

"एवढ्यांनी केलं होय?" ती म्हणाली.

"असतील अजून."

"जुजे, एक विचारू? रागावू नको. उघाडीतून तर येत नाही ना?"

मी वाडगा तोंडाला लावला होता. सगळी पेज पिऊन संपवली. मग म्हटलं, "नाही गं. फळ्या मीच बघतो."

"मग बरं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. "मीच वेडी. बाबांना सांगू नको हां मी असं विचारलं." तिने माझ्या हातातून वाडगा घेतला आणि पदराने माझ्या कपाळावरचा चिखल पुसला. पहिल्यांदा तिचा हात लागला तो असा.

त्या संध्याकाळी मी बापाला म्हटलं, "बाबा, बास आता. कौलं झाली." बाप जाळं शिवत होता. वर न बघता म्हणाला, "सोमवारी अमावस. वर्षातलं मोठं पाणी. तेवढं एक घेऊ आणि फळ्या ठोकून बंद करू. परत मान येईल तेव्हा मी जिता असेन का?" मी म्हटलं, लोरेसकाकाचं भात. बाप म्हणाला, "त्याच्यासाठीच चाललंय ना सगळं? कौलं मी मागितली होती?" ह्याला उत्तर आज सुचतं, पण आज ऐकायला कोण आहे?

सोमवारी दुपारी आम्ही तीन फळ्या उचलल्या. खाली घसरू नयेत म्हणून बापाने खाचेत दगडाची पाचर मारली. वारा अजिबात नव्हता. आकाश पांढरं. खाडी एवढी भरलेली मी आधी बघितली नव्हती, काठावर कुणी कण्हत असल्यासारखी वर वर येत होती. पाणी आत धावायला लागलं आणि थोड्याच वेळात त्याचा आवाज बदलला. हलका होता तो जड झाला. बाप म्हणाला, "टाक फळ्या." मी पाचर ओढली, निघेना. लाकूड फुगून दगडाला घट्ट बसलं होतं. दोघांनी लोंबकळून जोर लावला. फळी तसूभरही हलली नाही. मग माझ्या पायाखाली बांध थरथरला, जसं म्हशीच्या पाठीवर बसल्यावर ती कातडी थरथरवते तसा. बापाने माझा सदरा धरून मला मागे ओढलं. अलीकडचा खांब पुढे झुकला, सावकाश, म्हाताऱ्याने बसावं तसा, आणि गेला. त्याच्याबरोबर फळ्या, पाचर, जाळं, आणि लोरेसकाकाच्या बाजूचा साठ-सत्तर पावलं बांध. जिथे आम्ही खेकडे काढले होते ती सगळी जागा.

देवळाची घंटा वाजली. माणसं झोपेतून उठून धावत आली. दोन वाजेपर्यंत डोळा जाईल तिथवर पाणी होतं, आणि पाण्याबाहेर भाताचे शेंडे, वाऱ्याशिवाय डोलणारे. बायका रडल्या नाहीत. नुसत्या बांधावर रांगेत बसून राहिल्या. पाणी चार दिवस आतबाहेर करत होतं. ओसरलं तेव्हा चौदा घरांचं भात उभंच होतं, पण हातात घेतलं की पोकळ. लोंबी चोळली की नुसता भुसा उडायचा.

रविवारी मिस्सा झाल्यावर गाव देवळापुढे बसलं. कुणी आरडाओरडा केला नाही. एक म्हातारा म्हणाला, बांध फुटला तो नेमका जिथे खणलं होतं तिथे. सगळ्यांनी लोरेसकाकाकडे बघितलं. तो उभा राहिला. "मीच खणलं," तो म्हणाला. "बिळं खोल होती. ठासलं होतं मी नीट. पण मीच खणलं. माझ्या हातून झालं असेल." त्याला ते खरंच वाटत होतं. रात्रभर बसून त्याने स्वतःवरच गुन्हा शाबीत केला होता.

तेव्हा मिंगेल मास्तर मागून म्हणाले, "पास्कू, फळ्या खाली होत्या ना?"

"खाली होत्या," माझा बाप म्हणाला. मग सगळ्यांकडे बघून म्हणाला, "जुजेला विचारा. तो तर लोरेसबरोबर चार दिवस राबला. तो कशाला खोटं बोलेल?"

सगळं गाव माझ्याकडे वळलं. लोरेसकाकासुद्धा. त्याच्या नजरेत संशय नव्हता. त्याला वाटत होतं मी त्याच्या बाजूने काहीतरी बोलेन, की नीट ठासलं होतं म्हणून. इजाबेल बायकांत बसली होती, तिने मान वर केली नव्हती. मी म्हटलं, "खाली होत्या." माझा आवाज खणखणीत निघाला. मला स्वतःला नवल वाटलं.

गावाने लोरेसकाकाच्या घराचा मान कायमचा काढला. बांध परत घालायला त्याने पूर्ण उन्हाळा माती वाहायची असं ठरलं. त्याने वाहिली. त्या वर्षी आगेरा झाला नाही. पाद्रीने रिकाम्या वेदीवर आशीर्वाद दिला आणि लोक गुपचूप घरी गेले. शेतात तीन वर्षं मीठ राहिलं, काही उगवलं नाही. लोरेसकाका आरे कॉलनीत म्हशींचं शेण काढायला लागला, आठवड्याने घरी यायचा, होडीत कुणी त्याच्या शेजारी बसायचं नाही. त्याची बडबड संपली ती संपलीच. नानू दलाल पुन्हा दिसला नाही. आमच्या घरावर कौलं चढली. पहिला पाऊस आला तेव्हा घर एवढं शांत होतं की बापाला झोप येईना. तो म्हणायचा, वर कुणी नाही असं वाटतं.

मास्तर एकदा मला पायरीवर एकटा गाठून म्हणाले, "जुजे, ह्या पुस्तकातल्या गोष्टी मी तुम्हाला अर्ध्याच सांगायचो. लोभी माणूस तेवढा सांगायचो, कारण तो सांगायला सोपा. पण बहुतेक गोष्टींत आणखी एक जण असतो. तो काही घेत नाही. फक्त बघतो आणि गप्प बसतो."

मी विचारलं, "त्याचं काय होतं शेवटी?"

"त्याचं काही होत नाही," मास्तर म्हणाले. "तो शेवटपर्यंत जिवंत असतो." ते थांबले. मला वाटतं त्यांना वाटलं मी बोलेन. मी म्हटलं, "येतो मास्तर," आणि आलो.

मी लोरेसकाकाकडे मागणी घातली ती दुसऱ्या वर्षी. इजाबेलला कुणी विचारत नव्हतं. त्या घरची पोरगी म्हणजे वाट लागली, असं बायका उघड बोलायच्या. लोरेसकाका अंगणात बसला होता, हाताला शेणाचा वास. मी विचारलं तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी आलं. "कौलं नसती तरी दिली असती रे आता," तो म्हणाला. माझ्या बापाने कर्णफुलं आणली होती. ती लग्नात तिने घातली. गावात लोक म्हणाले, पास्कूच्या पोराचं काळीज मोठं.

त्या अमेरिकेच्या गोष्टींवर माझा एक राग आहे, तो लिहून ठेवतो. त्यांत शेवटच्या पानावर हिशेब चुकता होतो. ज्याने घेतलं त्याच्याच घराला आग लागते. आम्हाला कसली आग लागली नाही. बाप म्हातारा होऊन खाटेवर मेला, पाद्री हजर होता. मला मरोळला कारखान्यात कायमची नोकरी लागली. तीन मुलं झाली, तिन्ही जगली. बायको अशी मिळाली की शत्रूनेही हेवा करावा. मला जे जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं, आणि ज्याचं गेलं तो सासरा माझ्या पोरांना मांडीवर घेऊन खेळवायचा. मी त्याला कधी सांगितलं नाही. तो मेला तेव्हा मी खांदा दिला.

कबुली? पाद्रीपाशी मी हजार वेळा गेलो. शिव्या सांगितल्या, दारू सांगितली. ते एक सांगितलं नाही, कारण पाद्री म्हणाला असता, जा, बायकोला सांग.

गेल्या वर्षी शेवटच्या दिवसांत इजाबेल घरीच होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. एका सकाळी तिला जरा बरं वाटलं, उशी उंच करून मागितली, चहाचे दोन घोट घेतले. सून खाली दूध आणायला गेलेली. इजाबेल म्हणाली, "मी एक कधी बोलले नाही तुझ्याशी. बोललं की वजन जातं म्हणतात, म्हणून ठेवलं होतं."

"काय गं?"

"बाबांना सगळ्या गावाने टाकलं तेव्हा तू एकटा आलास. बाबा मरताना मला म्हणाले, जुजे नसता तर मी खाडीत जीव दिला असता. तुला सांगायचं राहिलं होतं."

तिने माझा हात हातात घेतला. आम्ही दोघंच होतो. वेळ होता. सून जिन्यावर यायला अजून दहा मिनिटं होती. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, एवढी वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेलं. आणि तिचं तोंड एवढं शांत होतं.

मी म्हटलं, "असू दे."

म्हणजे तेही मी घेतलं. तिने डोळे मिटले. तिचा हात माझ्या हातावर होता, आणि सून वर येऊन भांडी वाजवेपर्यंत मी माझा हात सोडवून घेतला नाही.